सेर्गेई विट्टे: सिंहासन सावरणारा मंत्री झारला नकोसा का झाला?

शमीवृक्ष

नमस्कार. रशियाच्या इतिहासावरील आपल्याकडची चर्चा बहुधा 1917 पासून सुरू होते आणि लेनिन-स्टालिन यांच्यापाशी येऊन थांबते. त्याआधीच्या पंचवीस वर्षांत ज्या एका माणसाच्या हातून त्या देशाचा कायापालट झाला, त्या सेर्गेई युल्येविच विट्टे यांच्याविषयी मराठीत मला फारसे काही वाचायला मिळालेले नाही. म्हणून हा धागा.

विट्टे यांचा जन्म 1849 चा, तिफ्लिसचा, म्हणजे आजच्या जॉर्जियातील त्बिलिसीचा. वडील बाल्टिक प्रदेशातील जर्मन वंशाचे सरकारी अधिकारी. आजी दोल्गोरुकी या रशियातील अतिप्राचीन सरदार घराण्यातली. ओदेसा येथील विद्यापीठात त्यांनी गणिताचे शिक्षण घेतले आणि त्यांना प्राध्यापक व्हायचे होते. परंतु ते घराण्याला शोभणारे नाही असे घरच्यांचे मत पडले. अखेर ते रेल्वेत शिरले आणि तिकीटखिडकीपासून मालधक्क्यापर्यंतची सगळी कामे शिकत शिकत वर चढले. 1892 मध्ये ते आधी दळणवळणमंत्री आणि काही महिन्यांतच अर्थमंत्री झाले. अर्थखाते त्यांच्याकडे अकरा वर्षे होते. सैबेरियाची रेल्वे, सोन्याशी जोडलेला रूबल, दारूविक्रीची सरकारी मक्तेदारी ही सगळी त्या काळातली कामे.

माझा प्रश्न मात्र 1905 या वर्षापुरता आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबरात विट्टे यांनी अमेरिकेत जपानशी तह करून हरलेले युद्ध सन्मानाने मिटवले. ऑक्टोबरात देशभर संप पेटला असताना त्यांनी सुधारणांचा जाहीरनामा काढायला लावून राजवट वाचवली. पुढच्या एप्रिलमध्ये फ्रान्सकडून प्रचंड कर्ज मिळवून रिकामी तिजोरी भरली. आणि त्याच एप्रिलमध्ये निकोलस दुसरा याने त्यांचा राजीनामा स्वीकारला, तो पुन्हा कधीही न बोलावण्यासाठी. ज्याने सिंहासन सावरले त्याच्याविषयी सिंहासनावरच्या माणसाच्या मनात इतकी अढी का असावी?

गोदाकाठ

उत्तर सोपे आहे असे मला वाटते. दुबळ्या राजाला कर्तबगार मंत्री सोसत नाही. विट्टे ज्याच्या कृपेने वर आले तो तिसरा अलेक्झांडर स्वतःच खमक्या होता, त्यामुळे त्याला तोडून बोलणारा माणूस चालत असे. तो 1894 मध्ये वारला आणि गादीवर सव्वीस वर्षांचा निकोलस आला. पुढचे सगळे त्यातूनच घडले.

रूळ_आणि_सांधा

गोदाकाठ यांनी तिसऱ्या अलेक्झांडरचा उल्लेख केला म्हणून बोर्कीच्या अपघाताविषयी सविस्तर लिहितो. मी अनेक वर्षे रेल्वेच्या रूळमार्ग विभागात काम केले आहे, त्यामुळे हा प्रसंग मला विशेष जवळचा वाटतो.

1888 मध्ये विट्टे कीव्हहून चालणाऱ्या नैर्ऋत्य रेल्वेचे व्यवस्थापक होते. ही खाजगी कंपनी होती. झारची गाडी त्यांच्या मार्गावरून जायची होती. शाही गाडी म्हणजे अतिशय जड डबे. ते ओढायला दोन मालगाडीची इंजिने जोडायची आणि वेग मात्र प्रवासी गाडीचा ठेवायचा, असे वेळापत्रक वरून आले. विट्टे यांनी ते मानण्यास नकार दिला. त्यांचे म्हणणे शुद्ध तांत्रिक होते. मालगाडीची इंजिने वेगात डोलतात, त्यात दोन इंजिने एकापुढे एक असली की डोलणे वाढते, आणि हलके रूळ, लाकडी स्लीपर व त्यांखाली खडीऐवजी वाळू असलेला मार्ग तो आडवा जोर सोसू शकत नाही. रूळ बाजूला सरकतो आणि गाडी उतरते. ज्यांनी उन्हाळ्यात सरकलेला रूळ पाहिला आहे त्यांना यात काडीची अतिशयोक्ती वाटणार नाही. गाडीचा वेग कमी करण्यात आला, झार वैतागला, आणि बाकीच्या मार्गांवर आम्हाला कोणी अडवत नाही असे त्याने विट्टे यांना ऐकवले. सम्राटाची मान आपल्या मार्गावर मोडू देणार नाही, अशा आशयाचे उत्तर आपण दिल्याचे विट्टे आपल्या आठवणींत सांगतात.

त्यानंतर थोड्याच काळात, ऑक्टोबर महिन्यात, खारकोव्हजवळ बोर्की येथे दुसऱ्या कंपनीच्या मार्गावर तीच गाडी तशाच रीतीने वेगात जात असताना घसरली. वीसहून अधिक माणसे मेली. राजकुटुंब भोजनाच्या डब्यात होते, ते वाचले. चौकशीत तज्ज्ञ म्हणून विट्टे यांनाच बोलावण्यात आले. पुढच्याच वर्षी झारने त्यांना अर्थखात्यात नव्या रेल्वे विभागाचे संचालक म्हणून आणले. कंपनीत त्यांना वर्षाला 50,000 रूबलच्या वर मिळत होते आणि सरकारी पगार 8,000 होता. तेव्हा झारने आणखी 8,000 स्वतःच्या खाजगी पैशांतून देण्याचे कबूल केले.

कृष्णाकाठची

फारच उद्बोधक प्रतिसाद, रूळ_आणि_सांधा. रेल्वेची ही बाजू इतिहासाच्या पुस्तकांत सहसा वाचायला मिळत नाही.

जुनी_पाने

बोर्कीची हकिगत खरी आहे, पण संवादाचा तपशील विट्टे यांच्याच आठवणींवर उभा आहे, हे लक्षात ठेवायला हवे. त्या आठवणी त्यांनी पदावरून गेल्यानंतर, 1907 ते 1912 या काळात लिहिल्या किंवा सांगून लिहवून घेतल्या. त्यांत स्वतःची बाजू नेहमीच बरोबर असते आणि प्रतिस्पर्ध्याची नेहमीच चुकीची. ‘क्रांती थोपवायला एक छोटेसे विजयी युद्ध हवे’ हे गृहमंत्री प्लेव्हे यांच्या नावावर खपणारे वाक्यही विट्टे यांनीच जगापुढे आणले, आणि प्लेव्हे यांच्याशी त्यांचे हाडवैर होते. तेव्हा असा साक्षीदार उपयुक्त असला तरी त्याची उलटतपासणी झाल्याशिवाय निवाडा करू नये.

शिवाय विट्टे यांच्या नावावरचा एक रेल्वे अपघातही विसरू नये. 1875 मध्ये ओदेसाच्या मार्गावर तिलिगुल येथे दुरुस्तीसाठी रूळ काढलेला होता, पण गाडीला थांबवणारी खूण लावलेली नव्हती. सैन्यात भरती झालेल्या तरुणांनी भरलेली गाडी भरावावरून खाली गेली. वाहतुकीचे जबाबदार अधिकारी म्हणून विट्टे यांना कैदेची शिक्षा झाली. मात्र 1877-78 च्या तुर्कस्तानविरुद्धच्या युद्धात त्यांनी सैन्याची ने-आण उत्तम केली, म्हणून ती दोन आठवड्यांवर आली.

रूळ_आणि_सांधा

जुनी_पाने, तिलिगुलची आठवण दिलीत ते योग्यच केलेत. मला तर बोर्कीच्या वेळचा त्यांचा हट्ट तिलिगुलमधूनच आलेला वाटतो. रुळावर माणसे मेलेली ज्याने एकदा पाहिली, तो पुढे वेगाच्या बाबतीत राजाचेही ऐकत नाही. हा माझा तर्क आहे, पण या खात्यातल्या अनुभवातून आलेला आहे.

अर्थविचार

धाग्यात विट्टे यांची बाजू अधिक उजळ दिसू लागली आहे, म्हणून अर्थकारणाची दुसरी बाजू मांडतो. त्यांच्या कर्तृत्वाविषयी मला आदर आहे, परंतु त्याची किंमत कोणी मोजली हे पाहिल्याशिवाय 1905 समजत नाही.

विट्टे यांची धारणा अशी होती की रशियाला स्वतःचे कारखाने उभारता आले नाहीत, तर तो युरोपाला धान्य पुरवणारा आणि त्याच्याकडून पक्का माल घेणारा देश होऊन बसेल. म्हणून जकातीची तटबंदी उंच ठेवायची, रेल्वेचे जाळे सरकारने विणायचे, त्यासाठी लागणारे पोलाद आणि कोळसा देशात काढायचा, आणि भांडवल परदेशातून आणायचे. 1890 ते 1900 या दहा वर्षांत रशियातील रेल्वेमार्ग 20,000 किलोमीटरहून अधिक वाढले. दोन्येत्स खोऱ्यात फ्रेंच आणि बेल्जियन पैशांतून पोलादाच्या भट्ट्या उभ्या राहिल्या. 1901 च्या सुमारास जगातले निम्मे खनिज तेल एकट्या रशियातून, मुख्यतः बाकूतून, निघत होते. मेंदेलेयेव यांच्यासारखा शास्त्रज्ञ विट्टे यांच्या खात्यात वजन-मापे कार्यालयाचा प्रमुख होता आणि जकातीच्या धोरणाचा उघड पुरस्कर्ता होता.

परदेशी भांडवलदार मात्र रोज घसरणाऱ्या कागदी रूबलवर विश्वास ठेवायला तयार नव्हता. म्हणून 1897 मध्ये विट्टे यांनी रूबल सोन्याशी जोडला. कागदी रूबल मूळ किमतीच्या दोन तृतीयांशावर आलेलाच होता. ते वास्तव त्यांनी मान्य केले आणि जुने दहा रूबलचे सुवर्णनाणे तेवढ्याच वजनाचे, पण पंधरा रूबलचे म्हणून पाडले. राज्य परिषदेत विरोध होणार हे दिसल्यावर त्यांनी ती वाट टाळून थेट झारच्या हुकमाने काम उरकले.

आता या सगळ्याचा पैसा कोठून आला? परकीय कर्जाचे व्याज सोन्यात फेडायचे, म्हणजे निर्यात हवी, आणि रशियाची निर्यात म्हणजे प्रामुख्याने धान्य. शेतकऱ्याला कर भरण्यासाठी सुगीतच, पडत्या भावात, धान्य विकावे लागे. त्यावर साखर, चहा, तंबाखू, काडेपेटी आणि रॉकेल यांच्यावरचे अप्रत्यक्ष कर. संध्याकाळी दिवा लावला, चूल पेटवली, चहात साखर घातली की प्रत्येक वेळी थोडे पैसे सेंट पीटर्सबर्गला जात. 1895 पासून दारूविक्री टप्प्याटप्प्याने सरकारने हाती घेतली. हेतू दारूबाजी कमी करण्याचा सांगितला गेला, आणि कालांतराने सरकारी उत्पन्नाचा चौथा हिस्सा त्यातूनच येऊ लागला. 1902 मध्ये पोल्तावा आणि खारकोव्ह प्रांतांत शेतकऱ्यांनी जमीनदारांचे वाडे लुटले, तेव्हा ही किंमत उघड झाली. शमीवृक्ष, तुमच्या प्रश्नात ‘सिंहासन सावरले’ असे म्हटले आहे. ते डळमळीत होण्यात ज्या धोरणांचा हात होता, ती धोरणे याच गृहस्थांची होती.

शमीवृक्ष

अर्थविचार, मुद्दा मोलाचा आहे, पण शेतकऱ्यांच्या हलाखीचे सगळे खापर विट्टे यांच्यावर फोडता येणार नाही. 1891-92 चा भीषण दुष्काळ त्यांच्या आधीच्या अर्थमंत्र्याच्या, विश्नेग्रादस्की यांच्या, काळातला. 1861 च्या भूदासमुक्तीनंतर शेतकऱ्यांच्या माथी मारलेले जमिनीचे हप्ते चाळीस वर्षे चालूच होते, आणि ते 1907 पासून पूर्ण रद्द करण्याचा निर्णय नोव्हेंबर 1905 मध्ये झाला, तो विट्टे प्रधानमंत्री असतानाच. गावातल्या एकाचा थकलेला कर इतरांकडून वसूल करण्याची सामुदायिक हमीची पद्धत 1903 मध्ये गेली, तीही त्यांच्याच प्रयत्नांनी.

मांडवीतीर

थोडे विषयांतर वाटेल, पण संबंध खरा आहे. थिऑसॉफिकल सोसायटीच्या संस्थापक मादाम ब्लाव्हात्स्की या विट्टे यांच्या सख्ख्या मावसबहीण. दोघांच्या आया फादेयेव घराण्यातल्या बहिणी. ब्लाव्हात्स्की 1879 मध्ये मुंबईत आल्या, गिरगावात राहिल्या, आणि त्याच वर्षी त्यांचे मासिकही मुंबईतूनच सुरू झाले. पुढे संस्थेचे ठाणे मद्रासजवळ अड्यारला गेले. विट्टे यांनी आठवणींत या बहिणीवर बरेच लिहिले आहे आणि त्यात कौतुकापेक्षा शंका अधिक आहे.

कृष्णाकाठची

मुंबईचा दुसरा धागाही आहे. युवराज असताना निकोलस पूर्वेच्या दीर्घ प्रवासाला निघाला, तेव्हा डिसेंबर 1890 मध्ये तो मुंबईत उतरून हिंदुस्थानभर फिरला. तेथून पुढे जपानमध्ये ओत्सु येथे, बंदोबस्तावरच्या पोलिसानेच त्याच्यावर तलवारीने वार केला. मग 1891 च्या मे महिन्यात व्लादिवोस्तोकला पोचून त्याने सैबेरियन रेल्वेच्या पूर्व टोकाच्या कामाचा शुभारंभ केला. त्या रेल्वेच्या समितीचे अध्यक्षपद युवराजाला द्यावे ही सूचना विट्टे यांची. तिसऱ्या अलेक्झांडरला मुलगा अजून पोरकट वाटत होता, तरी त्याने ती मान्य केली. म्हणजे राज्यकारभाराचे पहिले धडे निकोलसने विट्टे यांच्या देखरेखीखाली गिरवले. मला वाटते अढीचे एक मूळ येथेच आहे. ज्याने आपल्याला शिकताना, चाचपडताना पाहिले, त्याच्यासमोर राजा म्हणून वावरणे निकोलसला कधीच सहज जमले नाही.

गोदाकाठ

कृष्णाकाठची, हे निरीक्षण मला पटले. माझ्या ‘दुबळा राजा’ या उत्तरापेक्षा ते नेमके आहे.

जुनी_पाने

मला मात्र त्याहून मोठे कारण धोरणातले मतभेद हे वाटते, आणि ते मतभेद पूर्वेकडचे होते. 1896 मध्ये विट्टे यांनी चीनचे मुत्सद्दी ली होंगझांग यांच्याशी करार करून मांचुरियातून थेट व्लादिवोस्तोकला जाणारा रेल्वेमार्ग मिळवला. त्यांची कल्पना रेल्वे, बँक आणि व्यापार यांच्या बळावर सावकाश पाय रोवण्याची होती. दोनच वर्षांत झारने चीनच्या किनाऱ्यावरचे पोर्ट आर्थर बंदर घेतले, विट्टे यांचा विरोध डावलून. नंतर बेझोब्राझोव्ह नावाचा निवृत्त घोडदळ अधिकारी आणि त्याचे साथीदार झारच्या कानाला लागले. यालू नदीकाठच्या जंगलातील लाकूडतोडीच्या परवान्याच्या आडून कोरियात शिरण्याचा त्यांचा बेत होता. जपानशी युद्ध ओढवेल, असे विट्टे सांगत राहिले.

ऑगस्ट 1903 मध्ये झारने त्यांना नेहमीच्या अहवालासाठी बोलावले आणि येताना सरकारी बँकेचे प्रमुख प्लेस्के यांनाही आणायला सांगितले. अहवाल ऐकून घेतला, कामाची प्रशंसा केली, आणि शेवटी सांगितले की तुमची नेमणूक मंत्री समितीच्या अध्यक्षपदी झाली आहे व अर्थखाते प्लेस्के पाहतील. अध्यक्षपद मानाचे, पण अधिकार जवळजवळ शून्य. सहा महिन्यांत जपानने पोर्ट आर्थरवर हल्ला केला. विट्टे यांचे म्हणणे खरे ठरले, आणि ज्याचे म्हणणे खरे ठरते त्याला राजे क्षमा करत नाहीत.

रूळ_आणि_सांधा

युद्धात रेल्वेचे काय झाले तेही सांगतो. मार्ग एकेरी होता आणि बैकाल सरोवरापाशी तुटलेला होता. तेथे डबे इंग्लंडमध्ये बांधलेल्या बर्फ फोडणाऱ्या जहाजातून पलीकडे नेत. 1904 च्या हिवाळ्यात बर्फ इतका जाड झाला की जहाज अडकले; तेव्हा गोठलेल्या सरोवरावरच रूळ टाकले. बर्फ इंजिनाचा भार सोसणार नव्हता, म्हणून डबे घोड्यांनी ओढले. सरोवराला वळसा घालणारा मार्ग त्याच वर्षी घाईने पुरा झाला. घाईत आणि काटकसरीत बांधलेल्या मार्गावर मोठे युद्ध लढणे किती अवघड असते, याचा याहून ठळक दाखला मला माहीत नाही.

नवा_वाचक

अमेरिकेत जपानशी झालेल्या पोर्ट्समथच्या तहात विट्टे यांनी नेमके काय साधले? रशिया तर हरलेला होता ना?

शमीवृक्ष

नवा_वाचक, प्रश्न योग्य आहे. मुक्देन आणि त्सुशिमा येथे रशिया हरला होता, पण जपानचाही पैसा आणि माणूसबळ संपत आले होते. विट्टे यांची निवड झारने नाइलाजाने केली; आधी विचारलेल्या राजदूतांनी अंग काढून घेतले होते. सूचना स्पष्ट होती: एक कोपेकही खंडणी नाही, एक वीतही जमीन नाही.

अमेरिकेत उतरल्यावर विट्टे यांनी वाटाघाटींइतकेच लक्ष लोकमताकडे दिले. ते पत्रकारांशी मोकळेपणे बोलत आणि प्रवास संपल्यावर गाडीच्या ड्रायव्हरशी हस्तांदोलन करत. उमरावाच्या या वागण्याची वर्तमानपत्रांत चर्चा झाली. जपानचे प्रतिनिधी कोमुरा अबोल होते, त्यामुळे लोकमत हळूहळू फिरले. अखेर 5 सप्टेंबर 1905 च्या तहात रशियाने साखालिन बेटाचा दक्षिण भाग दिला, कोरिया व पोर्ट आर्थर सोडले, पण खंडणी दिली नाही. तोक्योत लोकांनी संतापून दंगे केले. तहासाठी मध्यस्थी करणारे अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना पुढच्या वर्षी शांततेचे नोबेल मिळाले. विट्टे यांना काउंट ही पदवी मिळाली, आणि त्यांचे विरोधक त्यांना ‘अर्ध्या साखालिनचे काउंट’ म्हणू लागले.

अर्थविचार

ऑक्टोबरच्या जाहीरनाम्याविषयी माझे मत शमीवृक्ष यांच्यापेक्षा वेगळे आहे. रेल्वे कामगारांच्या संपामुळे गाड्या बंद होत्या, आणि ज्याने देशभर रूळ टाकले त्या मंत्र्याला झारला भेटायला पीटरहोफला बोटीने जावे लागत होते. विट्टे यांनी दोन मार्ग ठेवले: नागरी स्वातंत्र्य आणि कायदे करणारी दूमा, म्हणजे संसद, नाहीतर लष्करी हुकूमशाही. झारचा कल दुसऱ्याकडे होता. पण तिचे नेतृत्व करायला त्याच्या चुलत्याने, ग्रँड ड्यूक निकोलाय यांनी, साफ नकार दिला. मग 30 ऑक्टोबरला, त्यांच्या जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे 17 ला, सही झाली. म्हणजे सही पटून झाली नाही, कोंडीत सापडून झाली. ज्या कागदावर अशी सही करावी लागते, तो पुढे करणाऱ्याचे तोंड पाहणेही माणसाला नकोसे होते. शमीवृक्ष, तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर माझ्या मते हे.

जुनी_पाने

त्यात भर घालतो. विट्टे यांना झारचा विश्वास नव्हता, तसाच समाजाचाही नव्हता. शिपोव्ह, गुच्कोव्ह यांच्यासारख्या नेमस्तांनी मंत्रिमंडळात यायला नकार दिला, कारण गृहखाते दुर्नोव्हो यांच्यासारख्या दडपशहाकडे राहणार होते. जाहीरनाम्यानंतर लगेच ओदेसा आणि अन्यत्र ज्यूंच्या कत्तली झाल्या; डिसेंबरात मॉस्कोचा उठाव तोफांनी मोडला. उदारमतवाद्यांना ते जुलमी वाटले आणि दरबाराला फितूर. त्यांची पत्नी मातिल्दा ज्यू कुळातली आणि घटस्फोटित असल्यामुळे दरबाराने तिला कधी आपले म्हटले नाही, हेही त्या वैराला चिकटलेले होते. जानेवारी 1907 मध्ये उजव्या गटाच्या लोकांनी त्यांच्या घराच्या धुराड्यात बॉम्ब सोडले. ते फुटले नाहीत.

कृष्णाकाठची

आणि कर्जाचा मुद्दा राहिलाच. एप्रिल 1906 मध्ये मुख्यतः फ्रान्सकडून 225 कोटी फ्रँक मिळाले आणि दूमा भरण्यापूर्वीच तिजोरी भरली. दूमेकडे पैशांसाठी हात पसरण्याची वेळ झारवर येऊ नये, ही विट्टे यांचीच इच्छा होती. पण पैसे आले आणि त्यांची गरज संपली. दूमेचे उद्घाटन होण्याच्या काही दिवस आधी ते बाहेर पडले. मला याचे फार वाईट वाटते. संसदेचे वचन ज्याने मिळवून दिले, त्यानेच तिच्या हातून तिजोरीची किल्ली काढून घेतली, आणि मग त्या संसदेला उत्तर द्यायला तो स्वतः तेथे नव्हता.

गोदाकाठ

1914 मध्येही त्यांनी युद्धाला विरोध केला आणि कोणी ऐकले नाही. मार्च 1915 मध्ये ते वारले, तेव्हा त्यांचे वय 65 होते. झारने तत्काळ त्यांच्या घरातील अभ्यासिका सीलबंद करून आठवणींचे हस्तलिखित शोधायला माणसे पाठवली. ते विट्टे यांनी आधीच फ्रान्समधील बँकेत ठेवलेले होते. मेलेल्या मंत्र्याच्या कागदांचीही धास्ती वाटावी, इतके ते नाते बिघडलेले होते.

शमीवृक्ष

सर्वांचे प्रतिसाद वाचून माझे मत असे झाले आहे की अर्थविचार यांचे उत्तर 1906 च्या राजीनाम्यापुरते बरोबर आहे, पण 1903 ची उचलबांगडी त्याने उलगडत नाही. तेव्हा जाहीरनामा नव्हता, संप नव्हता. तेथे जुनी_पाने यांनी सांगितलेला मांचुरियाचा वादच निर्णायक ठरतो. मात्र एक गोष्ट विट्टे यांच्या विरोधात नोंदवली पाहिजे. 1897 मध्ये परिषदेला डावलून झारच्या हुकमाने रूबल बदलणे त्यांना सोयीचे वाटले. एका माणसाच्या मर्जीवर त्यांनी आपली सगळी इमारत उभी केली होती, आणि तो माणूस बदलल्यावर त्यांच्या पाठीशी उभे राहील असे कोणतेही सभागृह, कोणताही पक्ष उरला नव्हता.

अर्थविचार

1903 विषयीचा आक्षेप मान्य. आता त्याच वर्षी पुढे प्रधानमंत्री झालेल्या स्टोलिपिन यांच्यावर वेगळा धागा काढावा. विट्टे यांनी अर्धवट सोडलेला शेतजमिनीचा प्रश्न तेथे नीट चर्चिता येईल. जुनी_पाने, सुरुवात तुम्ही कराल का?

जुनी_पाने

अवश्य. रविवारी काढतो.